अप-डाऊनच्या दिवसात बसवलेल्या सवयी

अप-डाऊन करणाऱ्याचा दिवस रेल्वे ठरवते. मी राहते भुसावळला आणि डिझाइनचं काम करते जळगावात. लग्नपत्रिका, दुकानांचे फ्लेक्स, सराफांच्या जाहिराती, केळीच्या खोक्यांवरची छपाई, वर्षाकाठी एखाद्या संस्थेचा अहवाल. काम येतं ते असं मिसळून येतं. सकाळी कुणाच्या बारशाचा बॅनर असतो, दुपारी मंगळसूत्राची जाहिरात, आणि संध्याकाळी प्रेसवाल्याचा फोन, की ताई, मशीन उभं आहे, फाइल द्या.

अशा दिवसात शिस्त आणायची म्हणून मी आधी सगळे करतात तेच केलं. यूट्यूबवरचे सल्ले ऐकले. पहाटे पाचला उठा, पहिले दोन तास फोन बंद ठेवा, २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती घ्या. ही २५ मिनिटांची पोमोडोरो पद्धत फ्रांचेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने १९८०च्या दशकात विद्यार्थी असताना काढली. स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून तो अभ्यासाला बसायचा. पद्धत चांगलीच आहे. पण त्याच्या कोपराशी खुर्ची ओढून “ते नाव जरा मोठं कर ना भो” म्हणणारा कुणी बसलेला नसावा. आमच्याकडे ग्राहक डिझाइन सोडून जात नाही, ते होईपर्यंत शेजारी बसतो. त्याला पाच मिनिटं विश्रांती सांगितली तर तो चहा मागवतो आणि विश्रांती पाऊण तासाची होते. फोन दोन तास बंद ठेवला तर प्रेसवाला तेवढ्यात दुसऱ्याचं काम मशीनवर चढवतो. ही पद्धत माझ्याकडे आठवडाभरही टिकली नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

मग उलटा विचार केला. नवी वेळ कुठून आणायचीच नाही. दिवसात जे आपोआप घडतं, म्हणजे गाडी, ऊन, वीज जाणं, प्रेसच्या पोऱ्याची फेरी, त्यालाच एकेक छोटं काम बांधायचं. त्यातल्या ज्या सवयी टिकल्या त्या सांगते.

सगळ्यात आधी टिकली ती गाडीतली पेन्सिल. भुसावळहून गाडी सुटली की वाघूरचा पूल, मग भादली, मग जळगाव. जागा मिळाली तर खिशात मावेल अशी वही काढायची आणि आजच्या पहिल्या कामाच्या तीन चौकटी काढायच्या. चौकट कामाच्या प्रमाणातच हवी. दहा बाय पाच फुटांचा फ्लेक्स असेल तर रुंदी उंचीच्या दुप्पट. व्हिजिटिंग कार्ड असेल तर साडेतीन बाय दोन इंच. डब्याच्या हिसक्यांत बारीक काही काढताच येत नाही, आणि तोच फायदा आहे. फोटो इथे, नाव इथे, तारीख इथे, असे ठोकळे तेवढे पडतात. कॉम्प्युटरसमोर थेट बसलं की हात आधी फॉन्टच्या यादीत जातो, त्यानंतर सावली, चमक आणि किनार, आणि तासाभराने कळतं की मुळात फोटो कुठे बसणार हेच ठरलेलं नाही. चौकटीत ते दोन मिनिटांत ठरतं. जागा नाही मिळाली, उभं राहावं लागलं, तर चौकटी नाहीत. मग मनातल्या मनात एकच ठरवायचं: हे पाहणाऱ्याला सगळ्यात आधी काय दिसलं पाहिजे? स्टेशनावर उतरताना ते फोनमध्ये एका ओळीत लिहून टाकते.

गाडीत चित्रं काढण्याचा एक तोटा म्हणजे शेजारच्या मावश्या. “लग्नाचं आहे का? कुनाचं?” पण एकदा अशाच एका मावशींनी माझ्या चौकटीवर बोट ठेवून विचारलं, “मग हळद कव्हय आहे?” मी हळदीची वेळ एवढ्या कोपऱ्यात ढकलली होती की त्यांना ती दिसलीच नव्हती. ही तपासणी जळगावात कुणी पैसे घेऊनही करून दिली नसती.

दुसरी सवय त्या शेजारी बसणाऱ्या ग्राहकासाठी. मी एक कागद छापून घेतला. ग्राहक आला की आधी कागद भरायचा, मगच माऊसला हात लावायचा. साइज काय, नग किती, लागणार कुठे, वाचणारा चालत असेल की गाडीवर, कधी हवं, मजकूर कोण देणार, शेवटचा हो कोण म्हणणार. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. खान्देशातल्या घरात पत्रिकेचा शेवटचा हो मुलाचा नसतो, मुलीचाही नसतो. तो कधी नानांचा असतो, कधी आत्याचा, कधी सुरतेला राहणाऱ्या मोठ्या काकांचा. निमंत्रकांत कुणाचं नाव आधी, मामांची नावं कोणत्या क्रमाने, चिमुकल्यांच्या “यायचं हं!”मध्ये कोण राहून गेलं, यावरून चार-चार वेळा फाइल उघडावी लागते. हो म्हणणारं माणूस पहिल्या दिवशी कळलं तर प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायचा नमुना, थेट त्यांच्याकडे जातं. सुरुवातीला लोकांना कागद म्हणजे सरकारी काम वाटलं. आता जुने ग्राहक स्वतःच मागतात, कारण त्यांनाही बसून राहावं लागत नाही.

“लागणार कुठे” याचं उत्तर मिळालं की अक्षराची उंची ठरते. फलकवाल्यांचा एक ढोबळ हिशेब आहे, दहा फुटांना एक इंच. पन्नास फुटांवरून वाचायचं तर अक्षर पाच इंच हवं. हा हिशेब रोमन अक्षरांवरून आलेला आहे. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतो, त्यामुळे मी त्यात नेहमी थोडी भर घालते. त्याच उत्तराने फाइलचा आकारही ठरतो. दहा बाय पाचच्या फ्लेक्सला ७२ डीपीआय (इंचाला ७२ ठिपके) पुरतं, तरी ते ८६४० बाय ४३२० पिक्सेल होतात. तोच फ्लेक्स ३०० डीपीआयने उघडून बसलं तर कॉम्प्युटर रडतो आणि छापलेल्यात फरक शून्य. उलट पत्रिका किंवा कार्डाला ३०० हवंच, आणि कटिंगला चारी बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर जास्त.

आता रंगांच्या वहीबद्दल, कारण माझ्या कामात सगळ्यात जास्त फरक तिने पाडला.

प्रेसचा पोऱ्या रोज दुपारी छापून झालेल्या कामाचे नमुने आणून देतो. पूर्वी ते टेबलाखाली साचायचे. आता तो आला की कात्री काढायची, त्यातला रंगाचा दोन इंची तुकडा कापायचा, वहीत चिकटवायचा आणि शेजारी लिहायचं: सी, एम, वाय, के (निळसर, मॅजेंटा, पिवळी, काळी या छपाईच्या चार शाया) किती, कागद कोणता, किती जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम), लॅमिनेशन आहे की नाही, कोणत्या मशीनवर. पाच मिनिटांचं काम. पण महिन्याभराने वही उघडली तेव्हा एकच पिवळा मला पाच वेगळ्या रूपांत दिसला. वाय १०० आणि एम १५ असलेला पिवळा आर्ट पेपरवर केळीसारखा रसरशीत आला होता. मॅपलिथोवर, म्हणजे बिनचकाकीच्या साध्या कागदावर, तोच थोडा बसलेला, कारण तो कागद शाई पितो. एका मशीनच्या फ्लेक्सवर लिंबासारखा, दुसऱ्या मशीनच्या फ्लेक्सवर नारंगीकडे झुकलेला. आणि केळीच्या खोक्यावर, म्हणजे तपकिरी क्राफ्टवर, चक्क शेवाळी.

या शेवटच्या तुकड्याने माझी खोक्यांची कामं बदलली. आमच्याकडे रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी म्हणजे घराघरातला विषय. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि निर्यातीची खोकी करून घेणारेही वाढले. प्रत्येकाला खोक्यावर पिवळी केळी हवी असते. पण तपकिरी कागदावर पांढरं असं काही नसतंच. शाई पडते ती तपकिरीवर, आणि पारदर्शक पिवळा त्यात बुडून जातो. शिवाय ही छपाई बहुतेक वेळा एका-दोन रंगांत, रबरासारख्या उठावाच्या ठशाने होते. ठशाला इथे सगळे स्टिरिओ म्हणतात. नालीदार पुठ्ठ्यावर ठसा दाबला की बारीक रेघ जाड होते आणि अक्षरातल्या पोकळ्या भरतात. ष, ढ, क्ष आणि छोट्या आकारातला अनुस्वार, हे आधी जातात. त्यामुळे आता खोक्याला मी गडद हिरवा किंवा काळा वापरते, केळीचा घड जाड रेघेत काढते आणि पिवळा हवाच असेल तर ग्राहकाला वहीतला तो शेवाळी तुकडा दाखवते. वाद तिथेच संपतो. आधी पिवळा का नको हे समजावण्यात माझा अर्धा तास जायचा.

सराफांच्या जाहिरातींतही वही उपयोगी पडते. छपाईच्या चार रंगांत सोनं नसतं. पिवळा, थोडा मॅजेंटा, थोडा काळा आणि बाकी सगळी चमकेची नक्कल. चकचकीत लॅमिनेशनखाली ही नक्कल चालून जाते, वर्तमानपत्राच्या कागदावर तिचं पितळ होतं. म्हणून वर्तमानपत्राच्या जाहिरातीत मी दागिना मोठा आणि पार्श्वभूमी कोरी ठेवते, सोनेरी पट्टे काढतच नाही. स्क्रीनवर बघून “अजून झगझगीत करा” म्हणणाऱ्याला कागदाचा तुकडा दाखवणं हाच उपाय आहे. स्क्रीनचा रंग उजेडाचा असतो, कागदाचा शाईचा. हे तोंडाने सांगून कुणाला पटत नाही.

काळ्याचंही तसंच. फोटोशॉपमध्ये आरजीबीतला (स्क्रीनच्या रंगांतला) काळा सीएमवायकेत (छपाईच्या शायांत) नेला की तो चारही शायांचा बनतो. मोठ्या पट्ट्याला हे चालतं, पण आठ-दहा पॉइंटच्या मजकुराला नाही. प्लेट केसभर हलली तरी अक्षराच्या कडेला लाल-निळी सावली दिसते. फाइल प्रेसला देण्याआधी बारीक मजकूर फक्त के १०० आहे ना, हे एकदा बघायचं. वहीच्या पहिल्याच पानावर असा सावलीवाला तुकडा चिकटवून ठेवलाय, त्यामुळे ते विसरत नाही.

पुढची सवय विजेने लावली. आमच्या भागात देखभालीसाठी आठवड्यातून एकदा वीज जाते, आणि उन्हाळ्यात त्याशिवायही जाते. यूपीएसवर फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्याइतकाच वेळ मिळतो. ऑटो-बॅकअप पाच मिनिटांवर लावून ठेवलाय, पण सवय वेगळी आहे. वीज गेली की प्रूफ वाचायचं. त्या दिवसाच्या कामाचे काळे-पांढरे प्रिंट सकाळीच काढून ठेवते, वीज गेली की खिडकीशी बसते आणि मोठ्याने वाचते. माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी समोर मूळ मजकूर धरून बसते.

मोठ्याने वाचल्याशिवाय मराठीतल्या चुका सापडत नाहीत, असं माझं ठाम मत झालंय. डोळा ओळखीचा शब्द पुरा वाचतच नाही. त्यात आमची अडचण दुहेरी. प्रेसवाल्यांकडे अजून जुने, युनिकोड (सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखीच चालणारी अक्षरपद्धत) नसलेले फॉन्ट चालतात आणि ग्राहक मजकूर पाठवतो व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये. एकातून दुसऱ्यात नेताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे उडी मारते. “चौधऱ्यांकडे”मधला ऱ्य तर हमखास बिघडतो. तिथे रफार येतो किंवा नुसता चौकोन. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) निवडलेला नसेल तर “कि”ची वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन उभी राहते. ल आणि श यांचं मराठी वळणही तपासावं लागतं. फॉन्टमध्ये सोय असेल आणि मजकुराची भाषा मराठी निवडली असेल तरच ते येतं, नाहीतर हिंदी वळण छापलं जातं. पुष्कळांना फरक कळत नाही, पण पत्रिका हातात घेणाऱ्या जुन्या मास्तरांना कळतो आणि ते फोन करतात.

तारीख आणि वार मात्र मी मोठ्याने वाचून सोडत नाही, कॅलेंडर समोर धरते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या आठवड्यांत पत्रिकांची अशी झुंबड असते की एका पत्रिकेचा वार दुसरीत राहून जाऊ शकतो.

ऊन हा तर आमच्या भागाचा मालकच. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगाव ४४-४५ अंशांच्या पुढे जातं. दुपारी दोननंतर डोकं चालत नाही हे मी मान्य करून टाकलंय. डोक्याचं काम, म्हणजे मांडणी, नावाचं अक्षर, लोगोचा विचार, सकाळी अकराच्या आत. दुपारी हाताचं काम: फोटोची पार्श्वभूमी कापणं, जुना लोगो ट्रेस करणं, मजकूर कर्व्ह करणं (म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकणं, मग फॉन्ट लागत नाही), फाइली नावाने लावणं. नाव लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग ग्राहक. म्हणजे फोल्डर आपोआप तारखेने लागतं. छापायला दिलेली फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि कर्व्ह न केलेली प्रत कायम जपायची. पुढच्या वर्षी तोच ग्राहक “फक्त तारीख बदला” म्हणत येणार असतो. ग्राहकांनाही एकच शिकवलंय, की फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप त्याचा आकार कमी करून टाकतं. हे शिकवायला मात्र सगळ्यात जास्त वेळ लागला.

कीबोर्डचे शॉर्टकट मी यादीने पाठ केले नाहीत. ज्या गोष्टीसाठी हात वारंवार मेन्यूत जातो तिचा शॉर्टकट स्क्रीनच्या कडेला चिटोऱ्यावर लिहायचा, हाताला बसला की चिटोरा काढायचा. कोरलड्रॉमध्ये एफ४ने काढलेलं सगळं एकदम दिसतं, कंट्रोल-क्यूने मजकूर कर्व्ह होतो. आमच्या धंद्यात एवढ्या दोन कळांनीसुद्धा दिवस हलका होतो. डोळ्यांसाठी वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघा असं डॉक्टर सांगतात. मी ते गजराने करत नाही. फ्लेक्सचं काम असेल तर उठून दारापर्यंत जाते आणि तिथून स्क्रीन बघते. डोळ्यांना विसावा मिळतो आणि लांबून काय वाचता येतंय तेही कळतं.

एक सवय चाळीसगावहून आली. तिथे स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, आता त्याचं संग्रहालय झालंय. १९८९ मध्ये गेलेल्या या पारशी छायाचित्रकाराने आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षं त्या घराबाहेर फारसं न पडता काढली. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, त्यांच्यावर उजेड असा टाकायचा की बघणाऱ्याला तो निसर्गातला देखावा वाटावा. टेबलटॉप छायाचित्रण म्हणतात त्याला. तिथून आल्यावर मी इंटरनेटवरचे तयार फोटो कमी केले. आता आठवड्यातून एकदा, सकाळच्या तिरप्या उन्हात, खिडकीशी एखादी वस्तू ठेवून फोनने फोटो काढते: भरताच्या वांग्याचं देठ, कळण्याच्या भाकरीचा पापुद्रा, केळीच्या वाळलेल्या पानाच्या शिरा, बांगड्यांचा ढीग. यातले बरेचसे कधीच वापरले जात नाहीत. पण एका मसालेवाल्याच्या पाकिटाला जी पार्श्वभूमी हवी होती ती आमच्याच ओट्यावरच्या मिरच्यांची निघाली. तयार फोटो घेतला असता तर तोच उद्या धुळ्यातल्या दुसऱ्या पाकिटावरही दिसला असता.

दिवसाची शेवटची सवय परतीच्या गाडीमुळे लागली. गाडी चुकवायची नाही, म्हणून निघण्याआधी दहा मिनिटं घड्याळ वाजतं. तेव्हा हातातलं काम संपवायचा मोह टाळायचा, ते अर्धं ठेवायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं की इथून पुढे काय. “डावीकडचा फोटो लहान, मामांचं नाव यायचंय, पिवळा वहीतला तिसरा.” सकाळी आल्यावर विचार करावा लागत नाही, चिठ्ठी वाचून हात चालू होतो. व्हॉट्सॲपची उत्तरंही मी आता गाडीतच देते, जाताना आणि येताना. मध्ये फक्त फोन घेते. ज्याला खरंच घाई असते तो फोन करतोच.

या सगळ्यावर माझ्याकडे शिकणाऱ्या मुलीचं स्वतःचं मत आहे. फाइलची नावं तिला पटतात, गाडीतल्या चौकटी पटत नाहीत, कारण ती जळगावातच राहते आणि स्कूटीवर येते. तिने चौकटी सकाळच्या चहाला बांधल्या आहेत. रंगांच्या वहीवरून मात्र आमचा वाद झाला. तिचं म्हणणं, पानांचे फोटो काढून फोनमध्ये ठेवू, वही कशाला सांभाळायची? मी म्हटलं, फोनवर तोच पिवळा पुन्हा उजेडाचा होणार. ती म्हणाली, रंगासाठी नको, आकड्यांसाठी तरी. ते बरोबर होतं. आता दुपारच्या उन्हात ती वहीतले आकडे, कागद आणि मशीन असा तक्ता टाइप करत बसते, म्हणजे शोधता येईल. तुकडे वहीतच राहणार आहेत. क्राफ्टचे तुकडे जाड असल्याने वही आता मिटतच नाही, म्हणून पुढच्या वेळी स्पायरलची घ्यायची ठरली आहे.